सू लुकआउटहून फ्लाय-इन कॅम्प: सामान, लायसन्स, गळ-दोरा आणि सप्टेंबरची शिकार – माहिती हवी

देवगडी_गरी:

नमस्कार मंडळी. उत्तर-पश्चिम ओंटारिओत सू लुकआउटच्या वर, रस्ता नसलेल्या एका तलावावर सहा रात्रींचा बेत आहे. विमान पाण्यावर उतरून आम्हाला केबिनपाशी सोडणार, सातव्या दिवशी परत न्यायला येणार. मुक्कामी स्वयंपाकी नाही, गाइड नाही. दोन अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या, प्रोपेनची शेगडी, प्रोपेनचाच फ्रिज. माणसं चार: मी आणि मित्र (दोघे मिसिसागात), माझा नाशिकचा भाऊ आणि ६७ वर्षांचे बाबा. भाऊ आणि बाबा दोघेही व्हिजिटर व्हिसावर असतील.

खाडीत गरवायची सवय सगळ्यांना आहे, पण वॉलाय आणि पाइक हे गोड्या पाण्यातले मासे नवे. विचारायचं ते असं: जूनचा शेवट बरा की सप्टेंबर? विमानात वजन किती नेता येतं आणि ते कसं भागवायचं? व्हिजिटरना कुठलं लायसन्स लागतं? गळ काय न्यायचे? मित्राला सप्टेंबरात ग्राउजची (कोंबडीसारखा रानपक्षी) शिकारही जोडायची आहे, भावाला त्यात घेता येईल का?

जाहिरातींची पानं वाचून झाली आहेत. त्यात सगळेच मासे हातभर लांब आहेत.

उत्तरवाट:

आधी विमान, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं.

या भागात बहुतेक ठिकाणी बीव्हर नाहीतर ऑटर असतं. बीव्हर म्हणजे डी हॅविलँडचं एका इंजिनाचं जुनं विमान, १९४७ साली पहिल्यांदा उडालेलं आणि अजून याच कामावर असलेलं. वैमानिक सोडून चार माणसं आणि त्यांचं सामान म्हणजे त्याची हद्द झाली. माणशी सामानाचा आकडा प्रत्येक आउटफिटर (विमान-केबिनची सोय करणारा) वेगळा देतो, साधारण ६० ते १०० पौंडांच्या मधला. तो लेखी घ्या आणि त्यात खाणंपिणं धरलंय की नाही तेही विचारा. वजन वाढलं की दुसरी फेरी, आणि फेरीचे पैसे वेगळे. धक्क्यावर सामान काट्यावर चढतं, माणसाचंही वजन विचारतात. तिथे लाजून पाच किलो कमी सांगू नका, त्या आकड्यावर वैमानिक भार मांडतो.

कडक सुटकेस नको. मऊ डफल बॅगा, त्याही मध्यम: एक मोठी नेण्यापेक्षा दोन लहान, म्हणजे शेपटीकडच्या अरुंद जागेत कोंबता येतात. रॉड दोन किंवा तीन तुकड्यांचे आणि नळीत.

वजन कुठे जातं ते बघा. ३५५ मिलीचे २४ कॅन म्हणजे जवळजवळ नऊ किलो. चौघांनी एकेक खोका घेतला की एका माणसाचं सामान तिथेच संपलं. पाण्याच्या बाटल्या अजिबात नेऊ नका. तलावाचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा किंवा फिल्टर न्या. न उकळता प्यायलात तर जिआर्डिया (पोटाचा संसर्ग) होऊ शकतो, आणि त्याची लक्षणं आठवड्याने घरी गेल्यावर दिसतात. बटाटे-कांदे मोजून न्या. चौघांना सहा दिवसांसाठी कणीक ३ किलो, तांदूळ ३, डाळी दीड, पोहे १, रवा १, तेल २ लिटर (मासे तळायचे असल्याने यात काटकसर नको) एवढं पुरतं. यावर दोन दिवसांचं जास्तीचं कोरडं खाणं ठेवाच.

ते जास्तीचं का, तर ही विमानं वैमानिकाच्या डोळ्यांवर चालतात. धुकं, खाली उतरलेले ढग, वणव्याचा धूर, तलावावर उलटी लाट, यांतलं काहीही असलं की विमान येत नाही. एक दिवस उशीर ही नेहमीची गोष्ट. म्हणून परतीच्याच दिवशी थंडर बेहून टोरोंटोचं विमान, आणि पाठोपाठ भावाचं मुंबईचं, अशी साखळी लावू नका. मधे निदान एक रात्र रिकामी ठेवा.

आणखी एक गोम. थंडर बे ईस्टर्न वेळेवर चालतं, सू लुकआउट सेंट्रलवर. तिकडे जाताना घड्याळ एक तास मागे जातं. जाताना ते फायद्याचं, पण परतताना तोच तास अंगावर येतो. थंडर बेहून गाडीने चार-साडेचार तास धरा आणि अंधारात १७ नंबरचा हायवे टाळा. मूस (तिकडचं भलंमोठं हरीण) काळा असतो आणि त्याचे पाय इतके उंच की गाडीच्या दिव्यांत फक्त पायच दिसतात.

अस्वलासाठीचा स्प्रे विमानाच्या केबिनमध्ये कधीच नाही. वैमानिकाला सांगून फ्लोटच्या (विमान ज्यांवर तरंगतं त्या पायांच्या) कप्प्यात ठेवायला द्या. हवेत फुटला तर वैमानिकासकट सगळे आंधळे. टोरोंटो–थंडर बे विमानात तर तो चेक-इन बॅगेतही चालत नाही. थंडर बेला उतरल्यावर विकत घ्या.

कागदी_होडी:

लायसन्सचं सांगते. यात व्हिजिटरवाले हमखास फसतात.

ओंटारिओत राहणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या माणसाला आउटडोअर्स कार्ड (तीन वर्षं चालतं) आणि त्याच्यावर मासेमारीचं लायसन्स लागतं. ६५ च्या पुढे लायसन्स लागत नाही हे खरं, पण ही सवलत कॅनडात राहणाऱ्यांना आहे. तुमचे बाबा ६७ चे असले तरी व्हिजिटर आहेत. त्यांना आणि भावाला दोघांनाही नॉन-रेसिडेंट लायसन्स लागेल. त्यात आठ दिवसांचं मिळतं, ते तुमच्या सहा रात्रींना बरोबर बसतं. एका दिवसाचं असतं त्याला आउटडोअर्स कार्ड लागत नाही, आठ दिवसांच्याला लागतं. बाबा नुसते होडीत बसून मजा बघणार असतील तर काहीच नको, पण रॉड हातात धरला की ते गरवतायत असंच धरतात. कागद छापून न्या. तिथे नेटवर्क नाही, फोनवरचा मेल उघडणार नाही.

लायसन्स दोन तऱ्हांचं: स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. दुसरं स्वस्त, पण मासे कमी ठेवता येतात. मासेमारीच्या नियमांसाठी ओंटारिओचे झोन पाडलेत. त्यातल्या झोन ४ मध्ये वॉलायला दिवसाला स्पोर्टवर ४ आणि कॉन्झर्वेशनवर २, आणि ४६ सेंमीपेक्षा मोठा एकच. पाइकला आकडे तेच, पण ७० ते ९० सेंमीमधला प्रत्येक पाइक परत सोडायचा आणि ९० च्या वरचा एकच ठेवायचा. लेक ट्राउट हा तिसरा मासा, तो २ आणि १. सप्टेंबरात त्यातला ५६ सेंमीच्या वरचा एकच, आणि ३० सप्टेंबरला ट्राउटचा हंगाम बंद.

याशिवाय काही तलावांचे नियम वेगळे आहेत, नियमांच्या सारांशात झोनच्या पानाखाली नावानिशी दिलेले. जवळचंच उदाहरण लॅक सूल तलावाचं: तिथे ४६ ते ५३ सेंमीचा वॉलाय ठेवताच येत नाही. म्हणून आपल्या तलावाचं नाव त्या यादीत आहे का ते आधी बघा, आणि त्याच वर्षीचा सारांश बघा. तुमचा तलाव बराच उत्तरेला असेल तर तो झोन २ मध्येही पडू शकतो. आउटफिटरला झोन विचारून घ्या.

सगळ्यात मोठा गैरसमज: ‘रोज चार, सहा दिवस, म्हणजे चोवीस.’ नाही! ताब्यात ठेवायची मर्यादाही तेवढीच आहे. फ्रिजमधले, होडीतले, घरच्या फ्रीझरमधले मिळून एका माणसाचे चार. जो खाल्ला तो ताब्यातून गेला, पण त्या दिवसाच्या मोजणीत तो राहतोच. दुपारी किनाऱ्यावर चार तळून खाल्ले तर संध्याकाळी पकडलेला सोडायचा. मोजताना तोंड मिटलेलं आणि शेपटीचे दोन्ही पंख एकत्र दाबून पूर्ण लांबी धरायची. एका माणसाला एकच दोरा.

जिवंत आमिषाच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका. बाहेरून ओंटारिओत जळवा किंवा जिवंत मासे आणायला बंदी आहे, प्रांताच्या आतही आमिषाचे झोन आहेत, पावती जवळ लागते, आणि उरलेलं आमिष पाण्यात किंवा पाण्यापासून ३० मीटरच्या आत ओतणं गुन्हा आहे.

गरीवाला:

आमिषाबद्दल कागदी_होडी यांच्याशी सहमत, आणि कारण नुसतं कायद्याचं नाही. ज्या तलावावर आठवड्याला चारच माणसं उतरतात तिथले वॉलाय रबरी शेपटीवर तितकेच येतात.

जूनचा शेवट घ्या. बर्फ साधारण मे महिन्याच्या मध्यानंतर जातं, वॉलायचा हंगाम मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. अंडी घालून झालेला मासा जूनमध्ये ओढ्याच्या तोंडाशी, धबधब्याखाली, दोन बेटांमधल्या वाहत्या चिंचोळीत ६ ते १२ फूट खोलीवर असतो. नवख्याला शोधावा लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तो तलावाच्या मधल्या बुडालेल्या खडकांवर १५-२५ फुटांवर जातो, तेव्हा खोली दाखवणारं यंत्र हवं. सप्टेंबरात माशी-डास नसतात हे मोठं सुख, पण वारं फार आणि मासा खोल.

सामान साधं ठेवा. मध्यम ताकदीचा साडेसहा फुटी रॉड, २५०० मापाचं स्पिनिंग रीळ, १० पौंडी ब्रेडेड दोरा, पुढे दोन-तीन फूट फ्लुओरोकार्बन. जिगहेड (शिशाचं डोकं असलेले गळ, त्यांवर रबरी शेपटी चढवायची): निम्मे पाव औंसाचे (सात ग्रॅम), बाकीचे अर्धे त्याहून हलके, अर्धे जड. वारं किंवा प्रवाह असला की जड. तीन इंची वळणदार शेपट्या पांढऱ्या, पोपटी आणि नारिंगी. या तलावांचं पाणी चहासारखं तांबूस असतं, त्यात नारिंगी-पोपटी दिसतं. खडकात अडकून आणि पाइकने तोडून जिग फार जातात, माणशी पंचवीस-तीस न्या. दुकान नाही.

पद्धत: जिग तळाला टेकू द्या, दोरा सैल पडला की टेकला. मनगटाने सहा-आठ इंच उचला, ताणलेल्या दोऱ्यावर खाली येऊ द्या. वॉलाय उतरतानाच घेतो आणि झटका देत नाही, नुसतं ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. खाडीतल्या तांबोशीची सवय असलेला माणूस झटक्याची वाट बघत बसतो, तोवर मासा थुंकून मोकळा.

पाइकसाठी वेगळा रॉड, ३० पौंडी ब्रेडेड दोरा आणि गळाच्या आधी ९ ते १२ इंची पोलादी तार (लीडर). चमचे (चमच्याच्या आकाराचे धातूचे गळ) लाल-पांढरे आणि पिवळ्यावर लाल चौकटीचे, पाऊण औंसाचे. गवताच्या कडेने, खाडीच्या तोंडाला. लांब टोकाची पक्कड आणि गळ कापायची कटर या दोन वस्तू विसरलात तर पाइकच्या तोंडात हात घालायची वेळ येईल. गळाच्या टोकाचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा. मॅनिटोबात तो कायदाच आहे, ओंटारिओत सरसकट नाही, पण आपल्या हातात घुसलेला गळ काढायलाही सपाट काटाच सोपा, आणि तिथे डॉक्टर नाही.

एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. ३० फुटांपेक्षा खोलातून ओढलेला वॉलाय सोडून उपयोग नाही. त्याच्या वाताशयाला बाहेर वाट नसते, वर येताना ते फुगतं आणि सोडलेला मासा पाण्यावर उलटा तरंगतो. लेक ट्राउट हवा तोंडावाटे सोडू शकतो, तो बहुतेक वाचतो. म्हणून कोटा भरला की खोलात वॉलाय गरवणं थांबवा.

खायला ३५ ते ४५ सेंमीचेच ठेवा. मोठ्या वॉलाय आणि पाइकमध्ये पारा जास्त साठतो. चवही लहानाचीच.

पाणकावळा:

गरीवाला यांनी माशीचा उल्लेख एका वाक्यात उडवला, ते बरोबर नाही. जूनचा शेवट म्हणजे काळी माशी ओसरत आलेली आणि डास ऐन भरात. ६७ वर्षांच्या माणसाला सहा दिवस ते सोसायचे आहेत.

काळी माशी दिवसा चावते, चावलेलं आधी कळत नाही, मग रक्त आणि सूज. केसांची कड, कानामागे आणि घोटे या तिच्या जागा. पँट मोज्यात खोचा, फिके कपडे घाला. गडद निळा आणि काळा तिला आवडतो. डोक्यावरची जाळी माणशी एक. डीट (अंगाला लावायचं डास-माशी पळवणारं औषध) कॅनडात ३० टक्क्यांपर्यंतच मिळतं, तेवढं पुरतं. पण डीट प्लॅस्टिक विरघळवतं: रबरी शेपट्या, चष्म्याची काच, रीळाची मूठ. लावल्यावर तळहात साबणाने धुवा किंवा सरळ २० टक्के इकॅरिडिन घ्या, त्याने प्लॅस्टिक खराब होत नाही.

मला विचाराल तर बाबांसाठी ऑगस्टचा शेवट. मासा थोडा शोधावा लागेल, पण माणूस बाहेर बसू शकेल.

देवगडी_गरी:

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. आणखी तीन शंका. बाबांना रात्री झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं. होडीचं इंजिन आमच्यापैकी कोणी चालवलेलं नाही. आणि मासे साफ करून आणायचे कसे?

उत्तरवाट:

सीपॅप: केबिनमध्ये जनरेटर असला तरी तो रात्रभर चालत नाही. मशीनला १२ व्होल्टची केबल घ्या, ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवा (सगळी वीज तेच खातात), आणि आउटफिटरला विचारा की डीप-सायकल बॅटरी आणि सोलर तिथेच ठेवतील का. बॅटरी विमानाने नेणं जड. नेणार असाल तर आधी कळवा. घरी दोन रात्री बॅटरीवर चालवून बघा. औषधं तीन दिवसांची जास्त. सॅटेलाइट मेसेंजर केबिनमध्ये आहे का ते विचारा. नसेल तर भाड्याने घ्या.

इंजिन ८ ते १० हॉर्सपॉवरचं असतं. तुम्हा कॅनडात राहणाऱ्यांना होडीचं ऑपरेटर कार्ड लागतं. ते ऑनलाइन परीक्षा देऊन एकदाच काढायचं. भाड्याच्या होडीला आउटफिटरची सुरक्षा-यादी भरूनही चालतं, पण कार्ड काढाच, अभ्यासात निम्म्या शंका फिटतात.

‘इंजिन बिघडलं’ म्हणून जे निरोप जातात त्यातले बरेच बिघाड नसतात. चालू होऊन पाच मिनिटांत मरतं: पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय. चालूच होत नाही: लाल दोरीची किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) चकती निघालीय, किंवा गिअर न्यूट्रलवर नाही, किंवा चोक दोनदा ओढून इंजिन पेट्रोलने भिजलंय (चोक आत ढकला, दहा मिनिटं थांबा). इंजिन ओरडतं पण होडी हलत नाही: खडकाला लागून पंख्याची पिन तुटलीय किंवा आतलं रबर घसरलंय. निघण्यापूर्वी आउटफिटरकडून सुटी पिन आणि पाना मागून घ्या, बसवायचं कसं तेही बघून घ्या. मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडते ना, ती थांबली तर लगेच बंद करा, तळाची वाळू आत गेलीय. होडीच्या तळाचं बूच रोज सकाळी बघा.

लाइफ जॅकेट बसण्याखाली नाही, अंगात. जूनमध्येही पाणी इतकं थंड असतं की दहा मिनिटांत बोटं कामातून जातात. मोठा पट्टा सकाळी पार करा, दुपारी वारं उठतं. परतीला वारं समोरून येणार असेल तर आधीच निघा.

गरीवाला:

साफ करणं. वॉलायला सुरमईसारखे तुकडे करू नका, फिले काढा: कल्ल्यामागे चीर, कण्यावरून शेपटीपर्यंत, कातडी सोडवा, बरगड्यांचा पडदा काढा. आत बारीक काटे फारसे राहत नाहीत. गालाची चकती सोडू नका, रुपयाएवढी असते पण सगळ्यात गोड. पाइकमध्ये पाठीच्या मांसात इंग्रजी वाय आकाराच्या काट्यांची रांग असते. आधी पाठीवरची पट्टी उचलायची, मग दोन बाजू, मग शेपटीकडचे दोन तुकडे: पाच तुकडे बिनकाट्याचे. मीठ, हळद, तिखट, आगळ लावून रवा-तांदळाच्या पिठात घोळवा. मात्र कॅम्पचा बिडाचा तवा नीट तापू द्या, नाहीतर वॉलाय चिकटतो. तो पापलेटपेक्षाही नाजूक.

घरी नेताना प्रत्येक फिलेवर ओळख पटेल एवढा कातडीचा तुकडा ठेवा आणि एकेक सपाट पिशवीत गोठवा. दोन फिले म्हणजे एक मासा. सगळ्यांचा मिळून एकच गोळा गोठवला तर तपासणीला मोजता येत नाही आणि दंड होतो. आतडी केबिनजवळ टाकू नका, अस्वल येतं. आउटफिटर दूरचा खडक दाखवतो, तिथे टाकलं की गल पक्षी तासाभरात साफ करतात.

कागदी_होडी:

राहिली शिकार. भावाचं जमणार नाही. नॉन-रेसिडेंटला शिकारीचं लायसन्स मिळवायला आपल्या मुलुखातलं शिकारीचं लायसन्स किंवा तशीच पात्रता दाखवावी लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे, तर कागद आणणार कुठून? तो बरोबर चालू शकतो, बंदूक धरू शकत नाही.

मित्राला ओंटारिओचा हंटर एज्युकेशन कोर्स, बंदुकीसाठी पीएएल (बंदूक बाळगण्याचा परवाना), आणि स्मॉल गेम लायसन्स लागेल. पीएएलच्या नव्या अर्जाला किमान २८ दिवसांची सक्तीची वाट असते, त्यावर कामकाजाचा वेळ वेगळा. सप्टेंबरसाठी हिवाळ्यातच सुरुवात करा.

ग्राउज १५ सप्टेंबरपासून, रफ्ड आणि स्प्रूस या दोन्ही जाती मिळून दिवसाला ५. वीस बोअरची बंदूक, साडेसात नंबरचा छर्रा. सकाळ-संध्याकाळ ते जुन्या वाटांवर खडे टिपायला येतात. विमानात बंदूक रिकामी, पेटीत, काडतुसं वेगळी. चालत्या मोटरबोटीत भरलेली बंदूक कायद्याने गुन्हा. त्याच भागात मूसचा बंदुकीचा हंगाम चालू असेल तर ग्राउजवाल्यालाही नारिंगी टोपी आणि कमरेच्या वरच्या अंगावर निदान ४०० चौरस इंच नारिंगी कपडा सक्तीचा आहे. आणि जो शिकार करत नाही त्यानेही घालावा: दोन नारिंगी बंड्या घ्या, एक भावासाठी, एक बाबांसाठी.